केसाचा खोडवा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर लोक काय काय आणून ठेवतात. संपलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, पावसात भिजून शाई पसरलेली चिठ्ठी, एकदा तर बाटलीत घातलेला विंचू. पण सगळ्यात जास्त वेळा येते ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली केसांची गुंतवळ. गेल्या मार्गशीर्षात गल्लीतल्या एका वैनींनी अशीच पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"बघ की गं, हे एका दिवसाचं. मुळासकट निघायलेत."

त्यांचं निदान तयार होतं. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून महिनाभर बोअरच्या पाण्यानं न्हाणं चाललं होतं, त्यात शाम्पू बदललेला. सासूबाईंचं म्हणणं वेगळं, दिवेलागणीला केस विंचरते म्हणून. मी एवढंच विचारलं, "वैनी, भाद्रपदात काय झालं होतं?" त्या गोंधळल्या. भाद्रपदाचा आणि केसांचा काय संबंध? मग आठवलं. गणपतीत डेंग्यूनं आठ दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या, घरातले मोदकसुद्धा जावेनं केले. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. बोटं मोजली, हिशोब जुळला.

आमच्याकडे 'केस' म्हटलं की जुन्या लोकांना आधी सुप्रीम कोर्टातली सीमाप्रश्नाची आठवते, 2004 साली दाखल झालेली. ती सोडून डोक्यावरच्या केसांबद्दल बोलू. तारखांचा घोळ मात्र इथेही आहे. आज गळालेल्या केसाचा निकाल तीन महिन्यांपूर्वीच लागलेला असतो आणि आपण साक्षीपुरावे आजचे गोळा करत बसतो.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस कातडीतल्या एका बारीक खळगीतून उगवतो. पुस्तकी मराठीत तिला रोमकूप म्हणतात, मी खळगीच म्हणते. खळगीच्या तळाशी पेशींचा बोंडासारखा पुंजका असतो, त्याला रक्तातून अन्न पोचतं. त्या बोंडाभोवतीच्या पेशी भराभर वाढतात. अंगात एवढ्या वेगानं वाढणाऱ्या पेशी फार थोड्या ठिकाणी असतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, वर सरकता सरकता त्या कडक होतात आणि मरतात. आपण तेल लावतो, वेणी घालतो, रंगवतो तो हा मेलेला भाग. जिवंत आहे ती खळगी.

चिकोडी-हुक्केरीकडच्या माणसाला हे समजावताना मला उसाचा फार उपयोग होतो. ऊस तुटून कारखान्याला गेला तरी बुडखा जमिनीतच राहतो. त्याच्या डोळ्यांतून पुन्हा फुटवे येतात, तो खोडवा. ट्रॉली भरून ऊस गेला म्हणून कोणी शेत बुडालं असं म्हणत नाही. केसाचंही तेच आहे. गळतो तो ऊस, खळगी म्हणजे बुडखा, आणि तो डोक्यातच राहतो. फरक इतकाच की शेतकरी लागण, खोडवा आणि फार तर निडवा (म्हणजे दुसरा खोडवा) घेऊन रान मोडतो. डोक्यातली खळगी मात्र आयुष्यभरात कितीतरी खोडवे देते.

1926 साली एफ. डब्ल्यू. ड्राय या संशोधकानं उंदराच्या अंगावरच्या केसांचा अभ्यास करताना या फेऱ्याच्या टप्प्यांना नावं दिली. वाढीचा काळ तो ॲनाजेन, आवराआवरीचा कॅटाजेन आणि विसाव्याचा टेलोजेन. माणसाच्या डोक्यावर वाढीचा काळ दोन ते सहा वर्षं चालतो. आवराआवरी दोन-तीन आठवड्यांत उरकते. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांचा विसावा. कोणत्याही दिवशी मोजलं तर दहातले साडेआठ-नऊ केस वाढत असतात, एक-दीड विसावलेला असतो. आवराआवरीतले शंभरात एखाद-दुसरे.

महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगानं केस वाढतो. म्हणजे तीन वर्षं वाढणारा केस 36 सेंटिमीटरवर थांबणार आणि सहा वर्षं वाढणारा 72 वर. "माझे केस खांद्याखाली वाढतच नाहीत, काहीतरी द्या" असं सांगत येणाऱ्या मुलींना मी हेच सांगते. वाढ थांबलेली नसते. वाढीचा काळच कमी वर्षांचा असतो आणि तो बहुतेक आईबापांकडून आलेला असतो. भुवयांचे केस तर काही महिनेच वाढतात. नाहीतर भुवयांचीही वेणी घालावी लागली असती.

आता विसाव्याकडे येऊ, कारण गैरसमज सगळे तिथेच आहेत.

आवराआवरीत खळगी आखडते. तळाचा भाग विरतो, रंग बनवणाऱ्या पेशी काम थांबवतात, केसाचं खालचं टोक कडक होऊन त्याला गदेसारखा बारीक गोळा येतो. रंग थांबलेला असल्यामुळे हा गोळा पांढरट दिसतो. केस तसाच खळगीत अडकून राहतो. वाढत नाही, पण पडतही नाही. तीन महिने तो तिथे असतो आणि बाहेरून कोणाला काही कळत नाही. न्हाताना, विंचरताना कधीतरी सुटतो, आणि तेव्हा टोकाचा पांढरा दाणा आपल्याला दिसतो.

वैनी म्हणाल्या होत्या, "मुळासकट". तो दाणा म्हणजे मूळ नव्हेच. उलट पांढरा दाणा दिसला की समजावं, केस आपला काळ संपवून रीतसर गेला. खरोखर वाढता केस उपटला तर त्याचं टोक काळसर, ओलसर आणि वाकडं निघतं, भोवती चिकट आवरण असतं, आणि दुखतंही. टोकाला दाणाच नसेल तर तो केस गळलेला नाही, मध्येच तुटलेला आहे. तुटण्याची कारणं वेगळी असतात, घट्ट बांधणं, इस्त्रीसारखं गरम यंत्र फिरवणं, रंग, ओल्या केसांत बारीक फणी. म्हणून पिशवी आली की मी भिंग घेते आणि आधी टोकं बघते. वैनींच्या पिशवीत जवळपास सगळे दाणेवाले होते.

विसावा हे नाव मात्र थोडं फसवं आहे. पूर्वी असं वाटायचं की खळगी या काळात नुसती झोपलेली असते. 2008 साली उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की आजूबाजूच्या कातडीतून काही रासायनिक निरोप येत असतात. विसाव्याच्या पहिल्या भागात ते निरोप म्हणतात, अजून नाही. पुढे त्यांचा जोर ओसरतो आणि मग खळगीच्या वरच्या भागात दडलेल्या स्टेम सेल जाग्या होऊ शकतात. हिडकलच्या कालव्यावर जसं पाळी आल्याशिवाय चारीला पाणी सोडत नाहीत, तसं काहीसं. पाणी धरणात असतं, रान तयार असतं, पाळी यायची असते. पाळी आली की खाली नवा केस धरतो, आणि बऱ्याचदा जुना पडतो तेव्हा नवा आतून निघालेला असतो.

रोज किती केस पडावेत याचा हिशोब पाटीवर मांडता येतो. एक लाखातले दहा टक्के विसाव्यात, म्हणजे दहा हजार. ते शंभरेक दिवसांत पडणार. दिवसाला शंभर. पन्नास ते शंभर केस रोज गेले तर घाबरू नका असं डॉक्टर सांगतात, ते इथून येतं. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईचे सुटलेले केस दोन-तीन दिवस डोक्यातच अडकून राहतात आणि न्हाणीच्या जाळीवर एकदम दिसतात. त्या दिवशी दोनशे मोजले गेले तरी तो एका दिवसाचा हिशोब नसतो.

आता समजा तापानं, बाळंतपणानं किंवा उपासमारीनं वीस टक्के केस मुदतीआधीच विसाव्यात गेले. म्हणजे आधीचे दहा हजार धरून तीस हजार. तेवढ्याच दिवसांत पडायचे म्हणजे दिवसाला तीनशे. यालाच टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. 1961 साली अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी हे नाव रुजवलं. (याच क्लिगमन यांच्या तुरुंगातल्या कैद्यांवरच्या प्रयोगांवर पुढे सडकून टीका झाली. त्यांनी मांडलेला हिशोब मात्र टिकला.)

हे होतं कसं? एरवी प्रत्येक खळगी आपापल्या तारखेनं चालते. कारखाना जसा लागणीच्या तारखेप्रमाणे तोड देतो, आज या शिवारात, आठवड्यानं त्या, तसं डोक्यावर रोज थोडी थोडी तोड चालू असते. म्हणून माणूस मांजरासारखा एकदम कात टाकल्यागत केस टाकत नाही. मोठा ताप आला की शरीर आपली शिल्लक जिवावरच्या कामाला लावतं. केस वाढवणं हे त्याच्या लेखी चैनीचं काम. भराभर वाढणाऱ्या पेशींना त्याचा फटका बसतो, आणि ज्यांची मुदत अजून वर्ष-दोन वर्षं होती अशा हजारो खळग्या एकाच आठवड्यात आवराआवरी सुरू करतात. एकदम आत गेल्या म्हणजे एकदमच बाहेर येणार. मधले तीन महिने सगळं शांत. ताप विसरला जातो, रिपोर्ट फायलीत जातात, आणि नेमकं तेव्हा डोकं रिकामं व्हायला लागतं.

जुनी माणसं हे ओळखून होती. मुदतीच्या तापानंतर केस जातात, असं माझी आजी सांगायची. डेंग्यू, चिकुनगुनिया, मलेरिया, मोठं ऑपरेशन, अपघातात झालेला मोठा रक्तस्राव, घरातला मृत्यू, हे सगळे त्याच वाटेनं जातात. लग्नाआधी पंधरा दिवसांत पाच किलो उतरवणाऱ्या मुलीही. फाल्गुनात उपाशी राहायचं, वैशाखात लग्न, आणि ज्येष्ठात ती सासरच्या पाण्याला नावं ठेवत माझ्या काउंटरवर. 2021 च्या पावसाळ्यात तर दिवसभर हाच विषय होता. कोविडनंतर गळती जरा लवकर, दीड-दोन महिन्यांतच सुरू होत होती. एकाच दिवशी मराठीत "केस जायलेत" आणि कन्नडमध्ये "कूदल भाळ उदराकत्ताव री अक्का" असं कितीदा ऐकलं असेन त्याला गणती नाही.

बाळंतपणाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यात आजीचं निरीक्षण माझ्या पदविकेपेक्षा जुनं आहे. ती म्हणायची, बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात. बाळ आईचं रूप ओढून घेतं, असं तिचं कारण. कारण चुकीचं, निरीक्षण पक्कं. गरोदरपणात वाढलेल्या हार्मोन्समुळे पुष्कळ केसांचा वाढीचा काळ लांबतो. ज्यांची तोड आलेली असते तेही उभेच राहतात, म्हणून त्या दिवसांत वेणी जाड लागते. बाळंत झाल्यावर हार्मोन्स एकदम उतरतात आणि थांबून राहिलेले सगळे केस मिळून विसाव्यात जातात. दोन ते चार महिन्यांनी ते पडतात. त्याच सुमाराला बाळ माणसं ओळखून खिदळायला लागलेलं असतं. बिचाऱ्या बाळावर आळ!

माझ्या वेळी मी शिकलेली असूनही रडले होते. चौथ्या महिन्यात न्हाणीत केसांचा गोळा बघून आईला फोन केला, तर ती म्हणाली, "तुझ्या वेळी माझेपण गेले होते, परत आले की. दूध उतू जाईल, ठेव फोन."

त्याच दिवसांत बाळाच्याही डोक्याला मागे टक्कल पडतं. उशी घासून पडलं म्हणून मोहरीची उशी शिवतात. त्यातही विसाव्याचाच हात आहे. जन्माच्या वेळी बाळाचे केस मोठ्यांसारखे सुटे सुटे चालत नाहीत, बरेचसे एकाच तालात असतात. डोक्याच्या मागच्या भागातले केस जन्माच्या आसपास विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. घासण्यानं ते थोडे लवकर सुटत असतील, एवढंच. आणि जावळ काढल्यानं पुढचे केस दाट येतात हाही समजच. वस्तरा फिरतो तो कातडीच्या वर, खळगीला त्याचा पत्ताही नसतो. हौसेनं जावळ करावं, मामाच्या मांडीवर बाळाला बसवावं, पण दाट केसांचा हिशोब त्यात धरू नये.

मुंडण झालेल्या मोठ्या माणसाच्या डोक्यावर मात्र एक मजा दिसते. देवाला केस देऊन आलेल्या माणसाचं डोकं दोन-तीन दिवसांनी भिंगातून पाहिलं तर बहुतेक खुंट वाढलेले दिसतात आणि दहातला एखादा जिथल्या तिथे. तो विसाव्यातला. त्वचारोगतज्ज्ञ नेमकं हेच करतात. डोक्याचा छोटासा तुकडा भादरून फोटो घेतात, दोन-तीन दिवसांनी पुन्हा घेतात आणि न वाढलेले मोजतात.

आता धंद्याची गोष्ट, जी काउंटरच्या या बाजूनं सांगायला जड जाते.

ताप उतरला, बाळंतपण निभावलं, तर अचानक सुरू झालेली गळती बहुतेक सहा महिन्यांच्या आत आपोआप आटोपते. माणूस बाटली घ्यायला येतो तो गळती ऐन भरात असताना. पहिली बाटली लावतो, गळती चालूच. दुसरी लावतो, जरा कमी. तिसरी संपत येते तेव्हा गळती थांबते आणि शेजारणींना सांगितलं जातं, तिसऱ्या बाटलीला गुण येतो बघा. गुण बाटलीचा नाही, पंचांगाचा आहे. माका, जास्वंद, कांदा, आवळा, सगळ्यांनी या तीन महिन्यांच्या जोरावर नाव कमावलंय. तेल लावू नका असं मी म्हणत नाही. मीही शनिवारी लावते. डोकं चोळून घ्यायला कोणाला आवडत नाही? पण खळगीचं वेळापत्रक तेलाच्या हातात नाही.

बायोटिनच्या गोळ्यांचंही असंच. अंगात त्याची खरी कमतरता असणारी माणसं विरळा, आणि कमतरता नसताना त्यानं केस येतात याला भक्कम आधार नाही. उलट जास्त डोसात घेतलेलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या बिघडवतं, थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या शंकेत करतात त्याही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये याबद्दल सावध केलं होतं. म्हणून रक्त द्यायला जाताना गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगावं.

मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाची तऱ्हा याच्या उलटी. डॉक्टरांनी ते ज्यांना लिहून दिलंय त्यांच्यात पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी दिसते. औषध विसावलेल्या खळग्यांना लवकर उठवतं, नवा केस धरायला लागतो आणि जुना सुटतो. लोक तिथेच घाबरून बाटली परत आणतात. फोडलेली बाटली परत घेता येत नाही हे सांगताना माझी रोज भांडणं होतात.

सगळी गळती विसाव्यातलीच असते असं मात्र नाही. केमोथेरपीत केस दोन-तीन आठवड्यांतच जातात, कारण तिथे औषध थेट वाढत्या केसाच्या पेशींवर पडतं. आणि त्यातून जे तुरळक केस डोक्यावर उरतात ते विसाव्यातले असतात. त्यांच्या पेशी वाढतच नव्हत्या, म्हणून वाचल्या. 2024 च्या डिसेंबरपासून बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत तीन-चार दिवसांत डोकी मोकळी व्हायला लागली, तेव्हा संशय गव्हातल्या सेलेनियमवर गेला. तिथला वेगच सांगत होता की हे विसाव्याचं प्रकरण नाही. विसाव्याला इतकी घाई नसते.

आता डोंगराकडे वळते. सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर आमच्याच जिल्ह्यात, आणि पौर्णिमेच्या यात्रांना कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरून माणसं येतात. "उदं गं आई उदं" च्या गजरात जट आलेल्या बायका मी लहानपणापासून बघतेय. जट म्हणजे देवीचं बोलावणं. ती विंचरायची नाही, कापायची नाही. एके काळी मुलीच्या डोक्यात जट दिसली की तिला देवीला सोडायचे. कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं देवदासी सोडण्यावर बंदी आली, तरी जटेची भीती कायद्यानं जात नाही. लोकांच्या मनात दोन प्रश्न पक्के बसलेले असतात. आपोआप कशी आली? आणि कापली नाही तर वाढतच कशी जाते, साध्या केसांहून लांब?

दोन्हीची उत्तरं विसाव्यातल्या केसात आहेत.

दिवसाला शंभर केस सुटतात, म्हणजे वर्षाला साडेछत्तीस हजार. आपण विंचरतो म्हणून ते फणीत येतात. आजारपणात, मानसिक त्रासात किंवा डोकं धुवायलाच मिळत नसेल तर विंचरणं राहतं. सुटलेला केस खाली पडत नाही, शेजारच्या वाढत्या केसांत अडकतो. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे बारीक खवले असतात, एकावर एक चढलेले, सगळे टोकाच्या दिशेनं. केस एका बाजूला सरकतो, उलट सरकत नाही. लोकर भिजवून चोळली की जशी घट्ट रुतून बसते तसं डोक्यावर व्हायला लागतं, त्यात घाम, तेल आणि वर भंडारा. जटेतले किती केस जिवंत खळगीला जोडलेले आणि किती कधीचेच गळलेले, हे मोजलं तर डोळे उघडतील. म्हणूनच ती लांबत जाते. साधा केस सहा वर्षांत 72 सेंटिमीटर होऊन पडतो आणि लांबी तिथेच थांबते. जटेत पडलेला केस निघूनच जात नाही, मागून येणाऱ्यात गुंतून राहतो, म्हणून तिला ती मर्यादा नाही. पडायला निघालेल्या केसांना जागा मिळाली नाही, म्हणून जट झाली.

जटेचं ओझं मानेला होतं, आत उवा आणि जखमा होतात, झोप लागत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते घरोघर जाऊन समजूत घालून जटा कापतात. माझ्या ओळखीच्या एका अक्कांची अशीच गेली. कापल्यावर काही अघटित घडलं का, असं मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "घडलं की. उशीवर डोकं टेकलं."

आमच्या गल्लीतल्या बायका गुंतवळ फेकत नाहीत हेही सांगायला हवं. आठ-पंधरा दिवसांनी केसांवर भांडी देणारी बाई येते. एवढी गुंतवळ, एवढीशी वाटी, मग घासाघीस. तिथून हे केस गोळा होत होत मोठ्या व्यापाऱ्यांकडे जातात. उत्तर कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर या उद्योगासाठी ओळखलं जातं. तिथे गुंता सोडवून, धुऊन, लांबीप्रमाणे जुड्या बांधून टोपांसाठी माल तयार होतो. आपल्या विसाव्यातून सुटलेला केस कुठल्या परदेशी डोक्यावर जाऊन बसेल काही सांगता येत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते थोडक्यात सांगते. सहा महिने झाले तरी गळती थांबत नसेल. रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली असेल. डोक्यात खपल्या, पू किंवा आग असेल, भुवयाही विरळ होत असतील. गळती फारशी दिसत नाही पण भांग रुंद होत चाललाय, तर तो वेगळा विकार असू शकतो. त्यात वाढीचा काळ दर फेऱ्याला आखूड होत जातो आणि केस बारीक होत जातो, तिथे वाट बघण्यात नुकसान आहे. पाळीत अंगावरून फार जात असेल, दम लागत असेल, वजन विनाकारण बदलत असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड बघावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यामुळे केसांची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या डोळ्यांची खालची पापणी मी आधी बघते. आणि जेवण झालं की लगेच चहा, ही आमची बेळगावकरांची खोड अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तासभर थांबा म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी कुंदा सोडायला सांगितलाय.

वैनींना मी त्या दिवशी काहीच विकलं नाही. रक्त तपासायला पाठवलं, लोह कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डाळ-अंडं खायला सांगितलं. "अजून दीडेक महिना जातील, मग थांबतील," असं मी म्हणाले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नव्हता. समोरच्या दुकानातून त्यांनी एक हिरवं तेल घेतलं हे मला नंतर कळलं.

होळीच्या आधी त्या पुन्हा आल्या. पिशवी नव्हती. कपाळावर, भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटरचे बारीक केस ताठ उभे होते, वाफ्यात नुकती लावलेली कांद्याची रोपं असतात तसे. मी बघतच राहिले. त्या मात्र वैतागल्या होत्या. तेल लावा, पाणी लावा, वेणीत म्हणून बसत नाहीत, फोटोत वेड्यासारखं दिसतं.

"हे उभे राहिलेत ते बसवायला काय आहे का गं तुझ्याकडं?"